गार्टर साप असो की आपली नानेटी, नीट बघायचं कसं

माझा भाचा कॅनडात ऑन्टारिओला असतो, त्याच्याकडे दोन पाळलेले गार्टर साप आहेत. गेल्या वर्षी मी तीन महिने त्याच्याकडे राहून आले तेव्हा त्या काचेच्या टाकीसमोर माझे किती तास गेले ते मी मोजलेच नाहीत. परत आल्यावर फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळीच्या बागेत, पावसाच्या सुरुवातीला चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, नानेटी दिसली आणि एकदम जाणवलं की अगं ही तर त्यांचीच कोणीतरी लागते! अंगावर उभे पट्टे, बारीक शेपूट, दिवसाउजेडी फिरणं, बेडकांवर जीव. खरंच लागते, दोन्ही एकाच उपकुळातले साप आहेत, नॅट्रिसिनी म्हणतात त्याला. म्हणून टाकीतल्या सापाकडे बघायची जी सवय मला तिथे लागली तीच इथे कशी वापरायची ते एकत्रच लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. गार्टर हा उत्तर अमेरिकेतला साप, तिकडे लोक तो पाळतात. तो बघून कोणी इथली नानेटी किंवा दिवड पकडून बरणीत घालू नका प्लीज, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पकडलेली नानेटी घाबरलेलीच असते, मग तुम्ही बघणार ते तिचं वागणं नाहीच, तिची भीती.

आता टाकीबद्दल. सगळ्यात पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. खुर्ची ओढून आणली की जमिनीची थरथर सापाला कळते, तो थबकतो किंवा लपतो, आणि आपल्याला वाटतं हा आळशी आहे. रोज एकाच जागी एकाच बाजूला बसायचं आणि पहिली दहा मिनिटं वहीत काही लिहायचंच नाही. मग टाकीचे मनातल्या मनात चार भाग करा: गरम कोपरा, थंड कोपरा, पाण्याचं भांडं, लपायची जागा. दर दहा मिनिटांनी साप कुठे आहे त्याचं एक अक्षर लिहायचं, ग, थं, पा, ल, बस. दोन्ही कोपऱ्यांना थर्मामीटर हवाच, भाच्याकडे गरम बाजूला तीसच्या आसपास आणि थंड बाजूला बावीस-तेवीस डिग्री असायचं. आठवडाभराने ती अक्षरं वाचली की साप सकाळी कुठे तापतो, खाल्ल्यावर किती वेळ गरम जागा सोडत नाही, हे आपोआप दिसायला लागतं, आणि एखाद्या दिवशी वेगळं वागला तर ते पण.

लिहिताना क्रिया लिहायची, मन नाही, हे मी चुकून शिकले. भाचा एकदा म्हणाला, "मावशी, हा आज रुसलाय, बाहेरच येत नाही." मी पण वहीत 'रुसला' लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी टॉर्च न मारता खिडकीच्या उजेडात बघितलं तर डोळे दुधात निळं मिसळल्यासारखे झालेले, रंग फिका पडलेला. कात टाकायची वेळ जवळ आली की असं होतं, त्या दिवसात त्याला नीट दिसत नाही म्हणून तो लपतो आणि हात लावला तर दचकून चावू पण शकतो. पुढे डोळे परत स्वच्छ झाले, आपण म्हणतो झालं बरं, आणि त्यानंतर काही दिवसांनी तो ओठ दगडाला घासायला लागला आणि मोजा उलटा काढावा तशी अख्खी कात निघाली, डोळ्यावरच्या चकत्यांसकट. चकत्या निघाल्यात ना ते कात हातात घेऊन बघायचं, हे विसरू नका.

सगळ्यात जास्त वेळ जिभेला द्या. साप जीभ बाहेर काढतो तेव्हा हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण गोळा करतो आणि टाळूतल्या वास ओळखणाऱ्या जेकबसन इंद्रियाकडे नेतो. जीभ सावकाश, लांब, वर-खाली हलते तेव्हा तो काहीतरी नवीन तपासतोय. मान खाली घालून पटापट जमिनीला टेकवत चाललाय तर वासाच्या मागावर आहे. भाच्याने एकदा एक गांडूळ कागदावरून वेडंवाकडं ओढत नेलं आणि मग गांडूळ उचलून घेतलं, सापाने तो न दिसणारा रस्ता वळणावळणासकट काढला, मी श्वास धरून बघत होते! एका मिनिटात जीभ किती वेळा बाहेर आली ते मोजायचं, आधी नुसतं, मग खाण्याचा वास आल्यावर. फरक इतका असतो की मोबाईलवर स्लो मोशन लावल्याशिवाय मोजणं जमत नाही.

हाताला माशाचा वास असेल तर टाकीत हात घालू नका, त्याला बोट आणि मासा यात फरक कळत नाही. दोन साप असतील तर खायला देताना वेगळे करायचे, एकच गांडूळ दोन टोकांनी दोघांनी धरलं तर गिळता गिळता एक दुसऱ्यालाच गिळायला लागतो.

दोन-तीन साप एकत्र असतील तर कोण कोणाजवळ वेटोळं घालतं ते जरूर लिहा. २०२० मध्ये कॅनडातल्याच मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर या संशोधकांनी गार्टरच्या ४० पिल्लांवर हा प्रयोग केला, डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन ओळख ठेवली, रोज दोनदा सगळ्यांना उचलून जागा बदलल्या, तरी पिल्लं परत आपापल्या ठरलेल्या सोबत्यांकडे जायची. साप एकलकोंडा असतो असं आपण सरसकट म्हणतो ते गार्टरच्या बाबतीत खरं नाही, कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांतात नार्सिसला तर हिवाळा काढायला हजारोंनी एकत्र बिळात राहतात.

काही गोष्टी दिसल्या तर वही बंद करून सरळ डॉक्टरकडे. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान वर वळून तशीच राहणं, अंगाला झटके. भाच्याच्या आधीच्या सापाला झटके यायचे, दुकानदाराने सांगितलं होतं की नुसते गोल्डफिश दिले तरी चालतात. चालत नाहीत. गोल्डफिशमध्ये थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि नुसतं तेच खाऊन खाऊन सापाच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो. तो साप वाचला नाही आणि भाचा अजून त्याबद्दल बोलताना गप्प होतो. म्हणून काय खाल्लं ते दर वेळी तारखेसकट लिहाच. नाक सतत काचेला घासत फिरत असेल तर तपमान, लपायची जागा, टाकीचा आकार, सगळं परत तपासा.

आता आपल्या कुळागरात. आधी ओळख पक्की करा. नानेटीच्या पाठीवर डोक्याकडून शेपटीकडे जाणारे दोन पिवळट पट्टे असतात, शेपटीकडे ते जास्त ठळक, आणि पुढच्या अंगावर काळ्या आडव्या खुणा. मण्यारीला असे उभे पट्टे नसतात, काळ्या अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा असतात, बहुतेक जोडीजोडीने, आणि ती रात्रीची. जरा जरी शंका आली तरी साप मोठा की छोटा न बघता मागे व्हायचं, आणि चावला तर पट्टी आवळत, जखम कापत बसायचं नाही, हात-पाय न हलवता १०८ ला फोन.

नानेटी बिनविषारी आहे तरी मी दहा-बारा फुटांवरच थांबते. पाऊस थांबून ऊन आलं की सकाळी पोफळींच्या पाटाकडे, जिथे छोटे बेडूक उड्या मारतात तिथे बघायचं. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही. दुर्बीण असेल तर फारच छान. पहिल्यांदा माझं पाऊल केळीच्या सुक्या पानावर पडलं तेव्हा ती पळाली नाही, मान चपटी करून अंग फुगवलं आणि खवल्यांच्या मधून निळसर रंग दिसला, एरवी तो कधीच दिसत नाही. म्हणजे तो रंग दिसला की समजायचं आपण फार जवळ आलोय, दोन पावलं मागे. मी मागे झाले आणि पुतळ्यासारखी उभी राहिले, सहा-सात मिनिटांनी मान परत गोल झाली, जीभ सुरू झाली, आणि पाटाच्या कडेला बेडूक धरला तिने. मागच्या पायाकडून धरला आणि जिवंतच गिळायला लागली, बेडूक फुगत होता, ती एकदा डावा जबडा पुढे सरकवी, एकदा उजवा. बघणं सोपं नव्हतं. पण मध्ये पडायचं नाही, तो तिचा दिवसाचा घास आहे.

एक फरक लक्षात ठेवा, गार्टरची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते आणि नानेटी अंडी घालते, त्यामुळे माती किंवा पालापाचोळा उकरताना पांढरी छोटी अंडी दिसली तर तशीच झाकून ठेवा.

आणि कडक उन्हाळ्यात ती दिसत नाही, जमिनीत लपून राहते. त्या दिवसातही वहीत तारीख घाला आणि 'नाही दिसली' असं लिहा. माझ्या वहीत एप्रिल-मेची पानं अशीच भरली आहेत, आणि मग एक ओळ: १२ जून, सकाळी ९.२०, रात्री पाऊस, गडग्याच्या तिसऱ्या चिऱ्याखालून डोकं बाहेर, जीभ एका मिनिटात १४ वेळा.