जुन्या लोखंडी टूलबॉक्सची वाट लावणाऱ्या चुका

जुनी पेटी हाती लागल्यावर पहिल्या तासाभरात माणूस जे काही करतो, त्यातलं निम्मं पुढे महिनाभर निस्तरावं लागतं. चाळीस-पन्नास वर्षं गंजत पडलेली पेटी अजून आठ दिवस थांबली तर तिचं काही बिघडत नाही. पण नवशिक्याला संध्याकाळपर्यंत ‘आधी आणि नंतर’चे फोटो हवे असतात. मीही त्यातलाच होतो, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलो आहे. उरलेल्या चुका लोकांनी आणून दाखवल्या आहेत, आणि त्याच त्याच बघून आता वैताग आलाय.

घडीत अडकलेलं पाणी

यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. लोखंडी पेटी म्हणजे एकसंध भांडं नव्हे. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असतात, तळ आणि बाजू स्पॉट वेल्डिंगच्या टिपक्यांनी जोडलेल्या असतात, झाकणाच्या काठात कधीकधी तार घालून पत्रा गुंडाळलेला असतो. अशा प्रत्येक घडीत केसाएवढी फट असते आणि ती पाणी आपणहून आत ओढते. बाहेर यायला मात्र ते पाणी तयार नसतं.

उघडल्यावर दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे कप्पे पसरतात, तसली एक पेटी मी तीन रविवार घालवून केली होती. अख्खी पेटी व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पुसली, दुपारभर उन्हात ठेवली. मग प्रायमर आणि गडद हिरव्या रंगाचे दोन हात. देखणी झाली होती. अठराव्या दिवशी झाकणाच्या काठाखाली एक तपकिरी ओघळ दिसला. बोटाने पुसला, दुसऱ्या दिवशी परत हजर. आठवड्याभरात तळाच्या कडेने रंगाला फोड आले, तेही शर्टाच्या बटणांसारखे सारख्या अंतरावर, म्हणजे बरोब्बर स्पॉट वेल्डच्या रांगेत. एक फोड फोडला तर आत ओला, काळपट चिखल. घडीत शिरलेलं आम्ल सोड्याच्या पाण्याने धुतलंच गेलं नव्हतं. वरून रंगाचं झाकण लावून मी त्याला निवांत कामाला लावलं होतं. सगळा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या पेटीचा तळ अजून एका कोपऱ्यात चाळणीसारखा आहे.

तेव्हापासून घडीची पेटी मी आम्लात बुडवतच नाही. सपाट भागावर गंज काढायचं जेल लावतो किंवा भिजवलेलं फडकं पसरून ठेवतो, आणि तेही कडेपासून दोन बोटं आत. टबात जातात ते फक्त सुटे भाग. चुकून पाणी गेलंच, तर आधी ब्लोअरने घडीत हवा मारायची, मग पत्र्यावर हात टेकवेनासा होईल इतकी ती जागा गरम करायची आणि पेटी घडी खाली येईल अशी ठेवायची. दोन दिवस, अधूनमधून कूस बदलत. शेवटी टिश्यू पेपरची पट्टी सुरीच्या पात्याने घडीत सरकवायची. पट्टी तपकिरी किंवा ओलसर निघाली तर अजून दोन दिवस. कोरडी निघाली की पातळ केलेला प्रायमर ब्रशच्या टोकाने घडीवर सोडायचा. मघाशी पाणी ओढलं तसाच तो प्रायमरही आत ओढला जातो. कंटाळवाणं आहे, मान्य. पण या कामाला शॉर्टकट असता तर तो मी कधीच शोधून काढला असता.

व्हिनेगरबद्दल आणखी एक. त्यात आम्ल जेमतेम ५ टक्के असतं, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. जस्ताचा मुलामा असलेल्या कड्या त्यात टाकल्या की बुडबुडे येतात आणि माणूस खूश होतो, गंज निघतोय म्हणून. निघत असतं जस्त. कडी करड्या रंगाची होऊन बाहेर येते आणि आठवड्यात नव्याने गंजते.

विजेने गंज काढणं

धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर वापरून गंज सुंदर निघतो, तक्रार नाही. चार्जरची ऋण तार पेटीच्या भागाला आणि धन तार टाकाऊ लोखंडाला. उलट जोडलीत तर आपलीच पेटी पाण्यात विरघळत जाते. ते टाकाऊ लोखंड साधंच हवं. स्टेनलेस स्टील खराब होत नाही म्हणून हौसेने ते वापरणारे भेटतात. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, ते नंतर ओतणार कुठे? शिवाय या पद्धतीत हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे बंद खोलीत हा उद्योग नको आणि जवळपास ठिणगी तर नकोच. आणि हो, जुना रंगही सोबत सैल होऊन निघतो. तो ठेवायचा असेल तर ही पद्धत तुमच्या कामाची नाही.

सगळंच खरवडून काढणं

मला चीड आणणारी ही दुसरी चूक. ग्राइंडरला तारेचं चाक लावायचं आणि पेटी पांढरी होईपर्यंत थांबायचं नाही. पातळ पत्र्यावर ते चाक गंज काढतं त्यापेक्षा जास्त तो घासून चकचकीत करतं, आणि खड्ड्यांतला गंज तसाच राहतो. सुटलेल्या तारा अंगात घुसतात ते वेगळंच.

पण खरं दुःख निराळं. एका पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ड्रिलच्या मापांची यादी लिहिलेली होती. आधीच्या मालकाचा बारीक, नीटस हात. काही मापं खोडून शेजारी दुसरी लिहिली होती. मी थिनरचं फडकं फिरवलं, कारण मला झाकण स्वच्छ हवं होतं. दोन सेकंद लागली. बोळा काळा झाला तेव्हा कळलं काय पुसलं ते. रंग पुन्हा देता येतो, ती यादी कुठून आणणार होतो? आता कुठलीही पेटी आली की आधी आतून-बाहेरून फोटो आणि मगच फडकं. चिकटचित्र, म्हणजे जुना स्टिकर, असेल तर त्याच्या आसपास थिनर आणि ॲसिटोन दोन्ही बंद. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि कापूस, एवढंच.

वरचा रंग भयाण असला तरी तो बहुधा कुणीतरी नंतर फासलेला असतो. मूळ रंग बघायचा असेल तर कडीची पट्टी किंवा हँडलची बैठक सोडवा, तिच्याखाली तो उजेडापासून वाचलेला सापडतो. अमेरिकेतल्या केनेडी कंपनीच्या पेट्यांवर तपकिरी, सुरकुतलेला रंग असतो. ही कंपनी १९११ पासूनची. त्या सुरकुत्या म्हणजे खराबी समजून घासून गुळगुळीत करणारे महाभाग मी पाहिलेत. तो रंग मुद्दामच तसा दिलेला असतो. पुन्हा तसा हवा असेल तर सुरकुत्यांचा वेगळा स्प्रे मिळतो. त्याचे जाड हात थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने, दिशा बदलत द्यावे लागतात आणि उष्णता दिल्यावर सुरकुत्या नीट धरतात.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, हे विसरू नका. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली ती १९७८ साली, त्याआधीच्या पेटीबद्दल संशयच धरायचा. कोरडं घासणं नाही. पाणी लावून घासा, मास्क घाला, आणि लहान मुलं वावरतात तिथे हे काम करू नका.

रिवेट

कप्प्यांना जोडणारे पट्टीचे हात सैल झाले की लोक पॉप रिवेट (गनने ओढून बसवायचा पोकळ रिवेट) मारून मोकळे होतात. पॉप रिवेट दोन पत्रे आवळून धरतो, आणि इथे तर सांधा फिरायला हवा. कप्पे मग कुरकुरतात, हळूहळू हात वाकतो. भरीव रिवेट वापरा. ठोकताना दोन पट्ट्यांच्या मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा आणि नंतर ओढून काढा, तेवढी ढील पुरते. माझे पहिले सहा रिवेट वाकडे गेले होते. भंगार पत्र्यावर आधी हात बसवा.

बाकीच्या, भराभर

विकत घेताना बाहेरचा रंग बघत बसू नका. अंधारात पेटीच्या आत टॉर्च लावा, तळातली भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. खिशात चुंबक ठेवा. जिथे तो पकडत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. खण बाहेर काढण्याआधी प्रत्येकावर आणि त्याच्या जागेवर नंबर टाका, सारखे दिसले तरी ते एकमेकांच्या जागी सरळ बसत नाहीत. कुलूप स्क्रूड्रायव्हरने फोडू नका. बऱ्याच कुलपांच्या तोंडावर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. सिलिकॉनवाला स्प्रे रंगाच्या कामाजवळ आणूच नका, रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. उघड्या लोखंडावर नुसता पारदर्शक लॅकर मारून ‘मूळ रूप जपलं’ म्हणणाऱ्यांनी सहा महिन्यांनी बघावं, लॅकरखाली गंजाचे दोरे सरपटताना दिसतील.

स्प्रेच्या डब्यावर दुसरा हात कधी द्यायचा ते लिहिलेलं असतं. बऱ्याच डब्यांवर तासाभराच्या आत किंवा थेट दोन दिवसांनंतर, असं असतं. मधल्या वेळेत मारलात तर खालचा रंग उचलून येतो. आणि हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. इनॅमल मारलेल्या पेटीचं झाकण मी आठवडाभर लावत नाही, काठावर दोन काड्या ठेवून अर्धवट उघडं सोडतो. एकाने दुसऱ्याच दिवशी बंद करून वर व्हाइस ठेवला होता. झाकण निघालं, काठाचा रंग सगळा खाली राहिला.

फेल्ट, म्हणजे खणांच्या तळाशी चिकटवायचं जाड मऊ कापड, नवं लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. ओलावा धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही, म्हणून खाली पत्र्यावर रंगाचा पूर्ण थर हवा. हत्यारं आत गेली की एका कप्प्यात सिलिका जेलची पुडी टाकतो. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर सुकवायचे आणि परत आत.