कार्य कसं काढायचं: आधी बाण, मग गुणाकार

नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना तो प्रश्न दरवर्षी येतोच: पाठीवर गोणी घेऊन सपाट जमिनीवरून चालणाऱ्या हमालाने गोणीवर किती कार्य केलं? उत्तर शून्य. दोन वर्षांपूर्वी कोपरखैरण्यातल्या माझ्या शिकवणीत मी हे फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही मिटली. तिचे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. “मॅडम, मग पप्पा रोज रात्री पाठ शेकत बसतात ते कशाने?” त्या दिवशी मी घाईत पुढे गेले, ते चुकलंच माझं. आता हा धडा मी तिच्या प्रश्नापासूनच सुरू करते.

कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन (निघाल्या जागेपासून पोचल्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसकट), हे सगळ्यांना पाठ असतं. गुणाकार मुलांचा सहसा चुकत नाही. चुकतं ते कुठलं बल घ्यायचं आणि कुठलं विस्थापन, हे ठरवताना. म्हणून आधी वहीत एक चौकोन काढा. तो चौकोन म्हणजे आपली वस्तू. तिच्यावर लागणारं प्रत्येक बल बाणाने दाखवा: गुरुत्वबल खाली, आधाराचं बल वर, ओढ पुढे, घर्षण मागे. वस्तू ज्या दिशेला सरकली तो बाण वेगळ्या रंगाने काढा. मग एका वेळी एकच बल निवडा आणि वाक्य पूर्ण लिहा: ‘अमक्या बलाने तमक्या वस्तूवर केलेलं कार्य’. एवढं लिहायला कंटाळलात तर पुढे गडबड ठरलेली.

एककांचं थोडक्यात सांगते. बल न्यूटनमध्ये, विस्थापन मीटरमध्ये, मग उत्तर ज्यूलमध्ये येतं. सेंटिमीटर दिले असतील तर आधी १०० ने भागा. आणि ५० किलो हे बल नव्हे, वस्तुमान आहे. तेवढी गोणी सावकाश उचलायला ५० × ९.८ = ४९० न्यूटन बल लागतं.

आता दोन बाणांमधला कोन बघा. पूर्ण सूत्र असं:

कार्य = बल × विस्थापन × त्या कोनाचा कॉस

कॉस (cosine) म्हणजे कोनावरून ठरणारी −१ ते १ मधली संख्या. बलाचा किती भाग विस्थापनाच्या दिशेने आहे, ते ती सांगते.

ठाणे स्टेशनवर चाकांची बॅग ओढताना तिची दांडी तिरकी असते. समजा, दांडी जमिनीशी ६०° कोन करते, ओढ ४० न्यूटनची आहे आणि बॅग फलाटावर ५० मीटर सरकली. कॉस ६०° म्हणजे ०.५, म्हणून कार्य ४० × ५० × ०.५ = १००० ज्यूल. ओढीचा निम्माच भाग बॅगेला पुढे नेतोय. वरच्या दिशेचा भाग बॅगेचा जमिनीवरचा भार थोडा कमी करतो, पण बॅग वर सरकलेली नाही, म्हणून त्याचं कार्य शून्य. दांडी आणखी बाहेर काढून कोन ३०° केला तर कॉस ०.८६६, आणि तेवढ्याच ओढीने कार्य १७३२ ज्यूल.

याच सूत्रात त्या मुलीच्या वडिलांची गोणी बसवू. त्यांच्या पाठीचं बल वर, गोणी एकसमान वेगाने आडवी चाललेली, कोन ९०°, कॉस ९०° शून्य. हे शून्य फक्त त्या एका बलाचं, त्या गोणीवरचं आहे. त्यांच्या शरीरात त्या वेळी काय चाललंय, ते या सूत्रात येतच नाही. भार नुसता पेलून धरायलाही स्नायूंचे तंतू सतत आखडत राहतात, त्यात ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. घाम आणि पाठदुखी तिथली.

गोणी वर चढवली की मात्र हिशेब बदलतो. जमिनीवरून २ मीटर उंच थप्पीवर गोणी लावली तर बल आणि विस्थापन दोन्ही वर, कोन ०°, कॉस १. कार्य ४९० × २ = ९८० ज्यूल. पुढच्या तासाला ती मुलगी वडिलांना विचारून आकडा घेऊन आली: त्या दिवशी दीडशे गोण्या. तिने स्वतः फळ्यावर येऊन १,४७,००० ज्यूल लिहिलं. हे फक्त गोण्यांवरचं कार्य. दर खेपेला स्वतःचं शरीर वाकवून उठवायचं ते वेगळं.

हीच गोणी सावकाश खाली उतरवली तर हातांचं बल वर, विस्थापन खाली, कोन १८०°, कॉस −१. हातांचं कार्य −९८० ज्यूल आणि गुरुत्वबलाचं +९८०. ऋण चिन्ह गाळू नका, पुढच्या बेरजेत तेच लागतं.

ती बेरीज अशी. हातगाडी २०० न्यूटन बलाने आडवी ओढली, घर्षण १५० न्यूटन, अंतर २० मीटर. ओढीचं कार्य +४०००, घर्षणाचं −३०००, गुरुत्वबल आणि जमिनीचा आधार दोन्ही शून्य. एकूण १००० ज्यूल. गाडीची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे तिच्यात असलेली ऊर्जा, नेमकी तेवढीच वाढते.

एका सापळ्यात हुशार मुलंही अडकतात. तलावपाळीला मासुंदा तलावाभोवती छोट्या भावाची खेळण्यातली गाडी ओढत पूर्ण फेरी मारली आणि निघालो त्याच जागी आलो. विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य? हे चूक आहे. वरचं सूत्र सरळ तेव्हाच लावता येतं, जेव्हा बलाचं मूल्य आणि दिशा दोन्ही बदलत नाहीत. इथे ओढ प्रत्येक वळणावर दिशा बदलते आणि दर पावलाला गाडीच्या चालीच्याच दिशेने असते. म्हणून वाटेचे लहान लहान तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचं कार्य काढा आणि बेरीज करा. ओढ ५ न्यूटन आणि फेरी १००० मीटर धरली तर कार्य ५००० ज्यूल. घर्षणाचंही असंच तुकड्यातुकड्याने काढायचं, ते ऋण येईल. गुरुत्वबलाचं मात्र पूर्ण फेरीत शून्यच राहतं, वाटेत कितीही चढउतार असले तरी, कारण त्याची दिशा सगळीकडे खालीच असते आणि गाडी शेवटी निघाल्या उंचीवरच परत येते.