रंग भिंतीला देण्याआधी पुठ्ठ्याला द्या

शेड कार्डावर शांत दिसणारा फिकट राखाडी चार भिंतींवर चढला की निळसर आणि गडद वाटतो. कोपरखैरणेतल्या आमच्या बेडरूममध्ये नेमकं हेच झालं, सगळी खोली पुन्हा रंगवावी लागली. हॉलच्या वेळी मात्र ही युक्ती कामी आली.

१. आवडलेल्या दोन-तीन शेडचे सर्वांत लहान डबे आणा.
२. पांढऱ्या कार्डशीटवर कडेपर्यंत दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या.
३. शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग कोपऱ्यात चिकटवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा.

रात्रीचं बघणं अजिबात चुकवू नका. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी असतात, त्यात राखाडी निळा पडतो. त्याच शीटवर ३००० केल्विनचा पिवळसर बल्ब लावला तर तोच रंग मऊ, उबदार वाटतो. आम्ही शेवटी ताकासारखा, किंचित पिवळट पांढरा घेतला. समोरची इमारत हाताच्या अंतरावर, उजेड कमी, तरी हॉल उदास वाटत नाही. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या. फिनिश मॅट असेल तर चकाकी डोळ्यावर येत नाही.

एक मात्र सांभाळा: पावसाळ्यानंतर भिंतीत ओल असेल तर आधी गळती काढा आणि भिंत पूर्ण सुकू द्या. नाहीतर कितीही चांगला रंग पोपडे धरतो.