पहिल्या पावसानंतर कडबा लगेच बंद करू नका

मृगाच्या पावसावर बांधाला कोवळे गवत फुटले की दावणीतला कडबा मागे पडतो. उन्हाळाभर कोरडे खाल्लेले जनावर हिरव्यावर तुटून पडते आणि दोन-तीन दिवसांत शेण पातळ पडू लागते, दुधाची फॅट उतरते. मग डेअरीच्या मशीनला दोष दिला जातो. आधी कोठीपोटाकडे, म्हणजे चारा साठून आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटाकडे बघा.

चाऱ्यातला तंतू गाय-म्हैस स्वतः पचवत नाही, तो फोडणारा पाचकरस तिच्याकडे नाहीच. ते काम कोठीपोटातले जीवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. तिथल्या एक मिलिलिटर रसात जीवाणूच हजार कोटींच्या घरात असतात. ते तंतू आंबवून जी आम्ले तयार करतात त्यांतून जनावराला सुमारे ७० टक्के ऊर्जा मिळते. त्यातले ॲसेटिक आम्ल दुधाच्या फॅटसाठी लागते, म्हणून कोवळ्या गवतावर तंतू कमी पडला की फॅट आधी घसरते.

कडब्यावर पोसलेली ही जीवाणूंची फौज एका रात्रीत हिरव्यासाठी तयार होत नाही. तिला दोन ते तीन आठवडे द्या. सुरुवातीला वैरणीचा चौथा हिस्साच हिरवा ठेवा, आठवड्याने निम्मा करा, पुढे वाढवा. सकाळी कडबा खाऊ घालूनच जनावर चरायला सोडा. उपाशीपोटी दवाच्या गवतावर, त्यातही लसूणघासावर सोडले तर पोटफुगी ठरलेली. कुट्टी अगदी भुशासारखी बारीक नको. रवंथ कमी झाले की लाळ कमी सुटते, आणि कोठीपोटातले आम्ल मारणारा सोडा लाळेतूनच येतो. आम्ल वाढून सामू (पीएच) ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जीवाणू काम सोडतात. लग्नातला उरलेला भात, पोळ्या, गोडधोड पाटीभर पुढे ओतणे याच कारणाने, पोटात आम्ल वाढून, जिवावर बेतते. माया म्हणून घातले तरी.

नुसत्या कडब्यावर असलेल्या भाकड जनावरालाही थोडी पेंड द्या. कडब्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के. तेवढ्यावर जीवाणूच वाढत नाहीत, मग कडबा पोटात पडून राहतो. भिजून बुरशी आलेल्या पेंढ्या मात्र गव्हाणीत नकोत.

डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यावर, मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोन लाटा हाताला जाणवल्या तर पोट चालू आहे. लाट थांबली, रवंथ बंद झाले तर पशुवैद्यकाला बोलवा. घरात पडलेली अँटिबायोटिकची गोळी तोंडावाटे देऊ नका, ती कामाचे जीवाणूही मारते.

शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधी टोचून घ्या. कोवळ्या गवतावर आतड्यातला एक जीवाणू भराभर वाढून विष सोडतो आणि धडधाकट करडू सकाळी मेलेले सापडते. गुडघाभर ज्वारी सगळ्याच जनावरांना वर्ज्य. कोवळेपणी तिच्यात विष असते, फुलोरा येईपर्यंत थांबा.