मायक्रोटिकवर गावनिहाय बँडविड्थची उतरंड

समजा, तुम्ही मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवरून गावोगावी इंटरनेट पुरवता, जळगावात १ गिगाबिटची लाईन आहे आणि तिथून यावल, चोपडा, धरणगावकडे वायरलेस लिंक जातात. प्रत्येक ग्राहकाला फक्त वेगमर्यादा लावून भागत नाही. संध्याकाळी आधी गावाची लिंक तुंबते. म्हणून क्यू-ट्रीत, म्हणजे राउटरमधल्या एकाखाली एक लावलेल्या रांगांत (क्यू), तीन पायऱ्या ठेवा: लाईन, गाव, ग्राहक.

वरच्या क्यूला मॅक्स-लिमिट (कमाल वेग) ९५० एमबीपीएस द्या. पूर्ण हजार दिलेत तर रांग तुमच्या राउटरऐवजी पुरवठादाराकडे लागेल आणि तुमचे नियम नावापुरते उरतील.

गावाचा आकडा डेटाशीटवरून घेऊ नका. रात्री आठ-नऊच्या गर्दीत लिंक मोजा. १८० एमबीपीएस मिळाले तर मॅक्स-लिमिट १७०, लिमिट-अ‍ॅट (हमीचा वेग) १६०. त्याखाली ४० ग्राहक, प्रत्येकी लिमिट-अ‍ॅट ४, मॅक्स-लिमिट ३०. ४० गुणिले ४ म्हणजे १६०, हिशेब जुळला. हीच बेरीज सगळ्या गावांच्या लिमिट-अ‍ॅटची करा; ती ९५० च्या आत हवी. खालची बेरीज वरच्या मर्यादेपेक्षा जास्त झाली की हमी कागदावरच राहते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गल्लत होते.

प्रायॉरिटी (आधी कोणाला, हा क्रम) १ सर्वांत वरची, ८ सर्वांत खालची. ती शेवटच्या, म्हणजे ग्राहकाच्या क्यूवरच चालते. गावाच्या क्यूवर टाकून उपयोग नाही.

क्यूचे काउंटर हलत नसतील तर आधी फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम बंद करा. पॅकेट त्या वाटेने सुसाट निघतात, रांगेत येतच नाहीत. राउटरच्या प्रणालीची, राउटर-ओएसची, आवृत्ती ७ असेल तर ग्राहकाच्या क्यूला एफक्यू-कोडेल हा रांगेचा प्रकार लावा. डाउनलोड चालू असतानाही व्हिडिओ कॉल अडखळत नाही.