डिझेलची टाकी आणि इंजिनाची ओढ : हिशेबातल्या या चुका टाळा

खानापूर-लोंढा पट्ट्यात रेल्वेच्या परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलं आहेत. त्यांच्याकडून एक उत्तर हमखास ऐकू येतं: टाकी रिकामी होत आली की इंजिन हलकं होतं, म्हणून जास्त ओढतं. हे साफ उलटं आहे. गाडी ओढली जाते ती चाकाने रुळावर धरलेल्या पकडीमुळे, आणि पकड वजनावर ठरते. चिकोडी-निपाणीकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतात, ते याचसाठी. विजेच्या इंजिनात तर जळणच नसतं. म्हणून १२३ टनांच्या डब्ल्यूएजी-९ या विजेच्या मालगाडी-इंजिनात मुद्दाम वजन घालून १३२ टनांचं डब्ल्यूएजी-९एच केलं.

दुसरी चूक याच्या दुसऱ्या टोकाची: सगळं श्रेय टाकीला देणं. इथे आकडे मांडूनच बघावं. डब्ल्यूडीजी-४ हे डिझेल इंजिन १२६ टनांचं, टाकी ६,००० लिटरची. म्हणजे डिझेल साधारण ५ टन. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या ३० टक्के धरली, तर या ५ टनांमुळे दीड टन जोर वाढतो. आता कुळे ते कॅसलरॉक घाट घ्या. चढ ३७ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), म्हणजे दर टनाला २७ किलो जोर नुसता वर चढायलाच लागतो. डिझेलचं स्वतःचं ओझं १३५ किलो खातं (हे वजा करायला बहुतेक जण विसरतात). उरलेल्या जोरात चाकांचा विरोध धरून ४५ टनांच्या आसपास जास्त माल चढतो. कोळशाने भरलेल्या एका वाघिणीच्या साधारण निम्मा!

वेग वाढल्यावर मात्र हा हिशेब लावू नका. तिथे पकड पुरते, अश्वशक्ती अपुरी पडते.

वाफेच्या इंजिनाच्या गणितात टेंडरचं (इंजिनामागच्या पाणी-कोळशाच्या डब्याचं) वजन पकडीत धरू नका. टेंडर मागून ओढला जातो, तो नुसता भार. पाणी-कोळसा स्वतःच्या अंगावर वाहणाऱ्या टँक इंजिनाची पकड मात्र वाटेत पाणी संपत जाईल तशी कमी होते.

आणि घाटात चाक घसरून जागच्या जागी फिरायला लागलं की आधी टाकीकडे बोट दाखवू नका. रूळ बघा. मृगाची पहिली भुरभुर धूळ आणि तेलाचा चिकट थर करते. मुसळधार पाऊस उलट रूळ धुऊन काढतो. त्या चिकट रुळावर पकड २० टक्क्यांवर आली, तर १२६ टनी इंजिनाचा जोर ३८ टनांवरून २५ वर येतो. रिकाम्या टाकीने जाणारा दीड टन यापुढे किरकोळ आहे. रुळानंतर वाळू तपासा, पकडीसाठी इंजिन चाकाखाली सोडतं ती: पेटीतली वाळू कोरडी आहे का, नळीत गठ्ठा झालाय का, आणि नळीचं तोंड बरोबर चाक रुळाला टेकतं तिथेच आहे का. तोंड जरा सरकलं तरी वाळू बाजूच्या खडीत पडते.