पश्चात्ताप होतो, पण वळणं होत नाही: या चुका टाळा

आधी शुद्धलेखन. मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) फलकावर, उपवास-प्रार्थनेच्या पत्रकावर, व्हॉट्सॲपवर हमखास ‘पश्चाताप’ असं एका ‘त’चं लिहिलेलं दिसतं. शब्द आहे पश्चात् अधिक ताप, म्हणून ‘त’ दोन. एक ‘त’ गळाल्याने कुणाचं तारण (उद्धार) अडत नाही, हे मान्य. पण शब्द फोडला की आपली खरी अडचण हाती लागते. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे होरपळ. मागाहून होरपळणं एवढंच या शब्दात आहे, वळणं त्यात कुठेच नाही. जुन्या करारात संदेष्टे ज्या हिब्रू क्रियापदाने लोकांना हाक मारतात ते ‘शूब’, म्हणजे परत फिरणे. चुकल्या वाटेवरून माणूस माघारी येतो तेही शूबच. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणायचं म्हणून या दोन्ही भाषा शिकून घेतल्या होत्या. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या बऱ्याचशा ताप चढला म्हणजेच वळलो, असं धरून चालल्यामुळे होतात.

रडलो, म्हणजे झालं

आमच्याकडे दरवर्षी सुगीनंतर तीन दिवसांच्या संजीवन सभा, म्हणजे श्रद्धा जागवायच्या प्रार्थनासभा असतात. मंडप, सतरंज्या, पेटी-तबला. शेवटच्या रात्री पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पुढे यायचं आवाहन करतात. एक बुजुर्ग शेतकरी दरवर्षी पुढे यायचे. गुडघे टेकायचे, टोपी काढून हुंदके द्यायचे. रडणं खोटं नव्हतं, मी शेजारीच उभा असायचो. मात्र उन्हाळ्यात नांगरट आली की धाकट्या भावाच्या शेताकडचा बांध ते थोडा थोडा कोरायचे. दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत. एका तासाने काय होतंय! दहा-बारा वर्षांत बांधावरची बोर त्यांच्या वावरात आली. झाड काही चालत आलं नव्हतं.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे उज्जीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, झालं त्यातले अश्रू आमच्या सभांमध्ये अजून सांगितले जातात. सांगावेतही. पण अश्रू हा पुरावा नव्हे. येशूला धरून देणारा त्याचा शिष्य यहूदाही पस्तावला, तीस चांदीची नाणी त्याने मंदिरात फेकून दिली, निर्दोष रक्ताचा घात केला असं तोंडाने कबूलही केलं (मत्तय 27). एवढं सगळं करून तो गेला मुख्य याजकांकडे, आणि त्यांनी त्याला तुझं तू बघ म्हणून वाटेला लावलं. ज्याला धरून दिलं त्याच्याकडे तो गेलाच नाही. दुसरा शिष्य पेत्रही, येशूला धरलं त्या रात्री त्याला नाकारून, फार दुःखाने रडला, पण पुढे तळ्याकाठी प्रभू येशू दिसताच नाव किनाऱ्याला लागेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही, त्याने पाण्यात उडी टाकली. योहानाच्या 18 व्या आणि 21 व्या अध्यायात कोळशांचा विस्तव दोनदा येतो. पहिल्या विस्तवाशी ऊब घेत पेत्राने प्रभूला नाकारलं, दुसऱ्या विस्तवाशी ‘माझ्यावर प्रीती करतोस काय’ असं त्याला तीनदा विचारलं गेलं. हे दोन विस्तव शेजारी ठेवून एकदा वाचून बघा.

‘काही चुकलं असेल तर’

31 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेआधी फोनवर एकच मजकूर फिरत असतो: वर्षभरात काही चुकलं असेल, कुणाला दुखावलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. मीही पाठवायचो, एका दमात सगळ्यांना. एका वर्षी ताईचं उत्तर आलं. एकच शब्द. “कशाबद्दल?”

उपासना संपेपर्यंत त्या शब्दाने माझी पाठ सोडली नाही, कारण कशाबद्दल ते मला पक्कं माहीत होतं. वडिलांच्या दवाखान्याच्या बिलातला माझा वाटा मी दिला नव्हता. हातात पैसे नाहीत म्हणालो होतो. होते. दुसऱ्या दिवशी फोन करून एवढंच सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाली, “मला माहीत होतं रे.”

‘असेल तर’ हे दोन शब्द गाळून वाक्य पुन्हा म्हणून बघा. जड जातं. नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगून ‘तो माणूस तूच’ म्हटल्यावर दावीद राजा म्हणतो, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. तिथेच वाक्य संपतं. त्याच्या आधीचा राजा शौलही ‘मी पाप केलं आहे’ म्हणाला होता, पण आधी देवाने मारून टाकायला सांगितलेली मेंढरं राखून ठेवल्याचा दोष त्याने लोकांवर ढकलला आणि कबुलीनंतर शमुवेल संदेष्ट्याला विनवलं, वडीलजनांसमोर माझा मान तेवढा राख (1 शमुवेल 15). आपल्या कबुलीला असं शेपूट आहे का, ते तपासा. बहुतेक वेळा असतं.

देवाशी मिटवलं, माणसाचं राहिलं

जकातदार जक्कय येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला हे रविवारच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्याचा हिशोब मात्र मोठी माणसंही वाचत नाहीत: कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, असं तो म्हणाला (लूक 19). आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल परत करावी आणि वर पाचवा हिस्सा घालावा, असा मोशेच्या नियमशास्त्रातला नियम होता (लेवीय 6, गणना 5). म्हणजे शंभराचे एकशेवीस. चौपट भरपाई होती ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला (निर्गम 22). जकातदाराच्या हुद्द्यावर बसून घेतलेल्या पैशाला जक्कयाने तो चोराचा दर लावला. ‘आज या घराला तारण प्राप्त झालं आहे’ हे प्रभू बोलला ते त्यानंतर.

म्हणून उसने घेऊन विसरलेले, भिशीत अडकवलेले, कामावरच्या पोरीच्या पगारातून कापलेले पैसे आधी कागदावर मांडा. नाव आणि रक्कम. सगळं एकदम फिटणार नसेल तर हप्ते बांधून घ्या, पण ज्याचे पैसे त्याच्याच हातात द्या. दानपेटीत टाकून ते फिटत नाहीत. वेदीपाशी भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं मत्तय 5 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं, यातच उरकून टाकतो. चाळीस दिवस मटण सोडणं सोपं, भाऊबंदकी सोडणं अवघड. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते त्याच दिवशी योएल संदेष्ट्याचा उतारा वाचतात, वस्त्रं नको, हृदयं फाडा म्हणणारा. तेव्हा तरी कान उघडे असावेत.

‘जरा सुधारतो, मग येतो’

दारू सुटली की देवाकडे येतो, कर्ज फिटलं की येतो, धुतलेला सदरा घालून येतो. लूक 15 मधल्या, बापाकडून घेतलेला वाटा उधळलेल्या धाकट्या मुलाला डुकरं चारता चारता शुद्ध आली आणि तो तसाच निघाला. निघण्याआधीच त्याने भाषण जुळवलं होतं, त्याचं शेवटचं वाक्य होतं की मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. आता 19 वं आणि 21 वं वचन ताडून पाहा. बापासमोर ते वाक्य आलंच नाही. त्याआधीच बापाने झगा, अंगठी आणि जोडे मागवले. मोलकरी म्हणून राबून फेडायचं आणि मग मुलगा व्हायचं, हा बेत बापाने ऐकूनच घेतला नाही.

साक्षीत दुसऱ्यांची पापं

सभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्याला कसं पालटलं ते सांगायला, उभं राहिलेला माणूस दहा मिनिटांत बायकोचं, सासूचं, जुन्या भागीदाराचं सगळं बाहेर काढतो. त्याच्या वाट्याला शेवटी एकच वाक्य येतं, ‘आणि मीही बहकलो’. माझा साधा नियम असा: पाप जेवढ्यांना लागलं तेवढ्यांपुढेच बोलावं. घरातलं घरात, पाळकसाहेबांकडचं पाळकसाहेबांकडे. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात त्या कॅथलिक कबुलीत धर्मगुरू ऐकलेलं कुणालाच सांगू शकत नाही, त्यामागे शहाणपण आहे.

पुन्हा तेच घडलं तर

रोज संध्याकाळी गुत्त्यावरून जाणारा रस्ता तोच ठेवून रोज सकाळी क्षमा मागणं ही चूक मी फार पाहिली. रस्ता बदला. एक थांबा आधी उतरा, पगार बायकोच्या खात्यात जमा होऊ द्या, फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवा. व्यसन हा आजारही आहे. प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांकडे किंवा पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात जाण्यात अविश्वास नाही. नीतिसूत्रे 24 मधला सात वेळा पडणारा माणूस नीतिमानच आहे, कारण दर वेळी तो उठतो. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1517 साली मांडलेल्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा आहे की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. एका रात्रीत उरकणारं हे काम नाही.

माफीची वसुली

मला सर्वांत चीड येते ती या चुकीची. बायकोवर हात उचलणारा नवरा चर्चमध्ये रडतो आणि बाहेर येऊन म्हणतो, देवाने मला माफ केलं, आता तू कोण अडवणार? मंडळीतले चार जण तिलाच समजावायला लागतात, नांदायला जा म्हणून. जक्कयाने पैसे परत केले, पण लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं अशी अट घातली नाही. ती बाई सुरक्षित राहिली पाहिजे, हे आधी. तिने क्षमा कधी करावी ते तिचं आणि देवाचं. त्याचा पश्चात्ताप खरा असेल तर तो लांब राहूनही टिकेल.

बांध कोरणाऱ्या त्या बुजुर्गांचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी ते सभेत पुढे आले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी मोजणीचा अर्ज केला, फी स्वतः भरली, आणि मोजणीच्या दिवशी दोरीचं एक टोक स्वतः धरलं. बोर धाकट्याच्या वावरात गेली. आता जानेवारीत बोरं पिकली की धाकट्याची सून पाटीभर आणून त्यांच्या ओट्यावर ठेवते. धाकटा स्वतः अजून त्यांच्या घरी पाणी घेत नाही. मी एकदा विचारलं, तर बुजुर्ग म्हणाले, “बारा वर्षं कोरला, त्यालाही वेळ लागंल.”